पाळणा आणि पेला

गेल्या आखाजीची गोष्ट. पितरांची घागर भरून झाली होती, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस ह्यांचे यथासांग जेवण झाले होते आणि मी ओसरीवर लवंडलो होतो. तोच पुतण्या आला आणि माझ्या पायथ्याशी बसला. तेव्हाच मी ओळखले की ह्याला काही मागावयाचे आहे. आमच्या घरात मागणारा पायथ्याशी बसतो आणि भांडणारा उशाशी, ही जुनी रीत आहे.

"नाना, एक सही हवी होती," तो म्हणाला आणि त्याने फाईल उघडली.

धरणगावाबाहेर आमचे सात एकर वडिलोपार्जित रान आहे. सातबाऱ्यावर त्याचे व माझे अशी दोन नावे. पाच वर्षांपूर्वी त्याने त्यातली कपाशी मोडून तिथे मुलाबाळांसाठी करमणुकीचे उद्यान उभे केले. उंच पाळणा, लाकडी घोड्यांची चक्री, रुळांवरून फिरणारी एक चिमुकली आगगाडी, बैलगाडीतली रपेट, आणि दुपारी भरीत, शेवभाजी नि कळण्याची भाकरी. पाण्याच्या घसरगुंड्या मात्र त्याने बसवल्या नाहीत. ज्या गावाच्या नावातच धरण आहे आणि ज्या गावाने नळाच्या पाण्याची वाट पाहण्यात पिढ्या घालवल्या, तिथे लोकांनी गंमत म्हणून पाण्यात घसरावे हे त्याच्या मनाला पटले नाही. त्याला एवढी समज आहे हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्याच्याविरुद्ध बरेच बोलणार आहे.

सही हवी होती ती परमिट रूमच्या अर्जासाठी. उद्यानाच्या उत्तरेच्या कोपऱ्यात एक बैठी खोली बांधावयाची, तिला परवाना घ्यावयाचा आणि मोठ्या माणसांची तिथे सोय करावयाची. जमिनीत माझा हिस्सा असल्यामुळे माझी संमती पाहिजे.

त्याचे म्हणणे त्याने नीट मांडले. रविवारी आणि सुट्ट्यांत गर्दी होते, एरवी पाळणा रिकामा फिरतो. जळगावच्या कचेऱ्यांतली मंडळी सहलीला म्हणून विचारायला येतात, 'सोय' नाही असे कळले की महामार्गावरच्या हॉटेलांकडे वळतात. बँकेचा हप्ता काही सुट्टी घेत नाही. अठरा माणसे कामाला आहेत, त्यांतल्या अकरा बाया. "आणि नाना, लोक पितातच. गाडीच्या डिकीत बाटली असते. कुंपणाआड उभ्याउभ्या घेतात आणि रिकाम्या बाटल्या आपल्याच बांधावर फेकतात. त्यापेक्षा नीट बसून, जेवणाबरोबर, परवान्याने घेतली तर काय बिघडले?" मी काही बोलत नाही असे पाहून त्याने शेवटचा बाण काढला. "अहो, डिस्नेनेही शेवटी सुरू केलीच ना?"

मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

आता पहिली गोष्ट ही की, 'आपल्या परंपरेत बसत नाही' असे म्हणून मला सुटता आले असते. पण तो दिवस आखाजीचा होता. लेकीबाळी माहेरी येऊन झोक्यांवर गाणी म्हणत होत्या ती जशी परंपरा, तसाच त्याच आळीत चार घरे टाकून पत्त्यांचा जुगार रंगला होता, तीही परंपराच. आमच्याकडे आखाजीला जुगार खेळल्याने कोणाचे नाक वाकडे होत नाही. तेव्हा परंपरा ही काही सज्जनपणाची सनद नव्हे.

दुसरी गोष्ट, मी दारूला पाप मानीत नाही. मी कधी प्यालो नाही, पण त्यात माझी कर्तबगारी काही नाही. मला तिची ओढच कधी वाटली नाही, आणि ज्याची ओढ नाही ते सोडल्याचे श्रेय घेणे म्हणजे उपवासाच्या दिवशी भूक न लागणाऱ्याने पुण्य मोजण्यासारखे आहे. शिवाय नोकरीची पहिली काही वर्षे मी चोपडे तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी मास्तर होतो. होळीच्या आधीच्या आठवड्यात तिकडचे आठवड्याचे बाजार भोंगऱ्याचे बाजार होतात. पावरा मंडळी वाड्यापाड्यांवरून उतरतात. प्रचंड ढोल, बासऱ्या, बायकांच्या अंगावर चांदी, आणि गूळ, डाळ्या व खजूर ह्यांच्या राशी. तिथे मोहाची दारू असावयाचीच. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजोबाने मला पानाच्या द्रोणात ती देऊ केली. द्रोण माझ्यापुढे धरण्याआधी त्याने चार थेंब जमिनीवर सांडले. आधी धरतीला, पूर्वजांना, मग पाहुण्याला. मी नको म्हटले तेव्हा तो रागावला नाही. त्याने माझ्या ओंजळीत डाळ्या नि गूळ घातला. त्याची म्हातारी शेजारीच होती, नातवंडे पायांत लुडबुडत होती. कोणी कोणापासून उठून गेले नव्हते.

सातपुड्यात दारूने घरे बुडत नाहीत असे मात्र मी म्हणत नाही. बुडालेली घरे मी पाहिली आहेत. पण ती घरची होती, तिला वेळ होती, आणि ती ओतणारा हात म्हाताऱ्याचा होता. पुढे कधीतरी वाचनात आले की इंग्रज सरकारने १८७८ च्या आबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात घरच्या भट्टीला गुन्हा ठरवले आणि मक्तेदाराच्या दुकानाला राजमान्यता दिली. थेंब सांडणाऱ्या म्हाताऱ्याला एका द्रोणात समाधान होते. दुकानदाराचे सारे गणित दुसऱ्या आणि तिसऱ्या पेल्यावर बसलेले असते. पुतण्याचा कागद हातात घेताना मला हा फरक आठवला. म्हणून काही दुकानाला दोष देता येत नाही, धंदा तसाच चालावयाचा.

डिस्नेचे म्हणाल तर पुतण्याचे खरे आहे, पण ते अर्धे खरे आहे. वॉल्ट डिस्ने हा गृहस्थ आपल्या दोन मुलींना घेऊन लॉस एंजलिसच्या एका बागेतल्या घोड्यांच्या चक्रीवर जात असे. मुली चक्रीवर, आणि बाप बाकावर शेंगदाणे खात बसलेला. तिथे त्याच्या मनात आले की, आईबाप आणि पोरे ह्यांना एकत्र मजा करता येईल असे एखादे ठिकाण का असू नये? त्यातून १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले, आणि तिथे दारूचा थेंबही मिळावयाचा नाही असे त्याने ठरवले. तिने दंगेखोर माणसे येतात असे त्याचे म्हणणे. गंमत अशी की, उद्यान काढण्याआधी, १९५१ साली, तो डेन्मार्कला कोपनहेगनचे टिवोली पाहून आला होता. ती बाग १८४३ पासूनची. तिथे बियर मिळते, संगीत चालते, दिवे लागतात आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे कुटुंब रात्री सुखरूप घरी जाते. डिस्नेने टिवोलीची स्वच्छता आणि शोभा उचलली, बियर तिथेच ठेवली.

तो १९६६ च्या डिसेंबरात वारला. पुढच्याच वर्षी डिस्नेलँडमध्ये 'क्लब थर्टी-थ्री' नावाचा एक खाजगी क्लब सुरू झाला. ज्यांना सभासदत्व परवडे त्यांना तिथे दारू मिळे, आणि खाली रस्त्यावरून चालणाऱ्या हजारो आईबापांना त्या दाराचा पत्ताही नसे. पुतण्याचा कुंपणाआडच्या पिणाऱ्यांवर राग आहे; पण माडीवरचे कुंपण अधिक उंच असते एवढेच. मग १९९२ साली पॅरिसजवळ उद्यान उघडले. तिथेही दारूबंदीच होती, आणि फ्रेंच लोक चिडले. दुपारच्या जेवणाबरोबर पेलाभर वाइन नाही म्हणजे काय, असा त्यांचा सवाल. वर्षभरात, १९९३ साली, कंपनीला नमते घ्यावे लागले. फ्लोरिडातले मॅजिक किंगडम १९७१ पासून कोरडे होते. तिथे २०१२ साली एकाच उपाहारगृहात, फक्त रात्रीच्या जेवणाबरोबर, फक्त वाइन आणि बियर सुरू झाली. २०१६ मध्ये आणखी चार ठिकाणी, आणि २०१८ मध्ये टेबलावर बसून जेवण्याच्या साऱ्याच उपाहारगृहांत. मूळच्या कॅलिफोर्नियातल्या उद्यानाने सर्वसामान्य पाहुण्यासाठी २०१९ पर्यंत दम धरला. तिथेही पेला घेऊन बाहेर पडावयाचे नाही, अशी अट घातली. चौसष्ट वर्षे पाळलेला नियम असा वितळला. कोठेही आकाश कोसळले नाही. हे मला प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. आपल्याकडे २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने किराणा-सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचे ठरवले तेव्हाही आकाश कोसळणार असे पुष्कळांनी सांगितले होते. पुढे विरोध झाला, हरकती मागवल्या गेल्या, सरकारच बदलले आणि तो विषय मागे पडला. त्यामुळे आकाशाची परीक्षा राहून गेली.

पॅरिसमध्ये जे बिघडले नाही ते धरणगावात बिघडेल असे मी कोणत्या तोंडाने म्हणावे? फ्रेंच माणूस काही आपल्यापेक्षा शहाणा नाही. ह्या प्रश्नापाशी मी दोन दिवस अडलो. आणि उत्तर मला सापडले ते जळगावच्या रस्त्यावर, एस.टी.च्या खिडकीतून. एका बारवर मोठ्या अक्षरांत पाटी होती: 'फॅमिली रूमची स्वतंत्र सोय'.

ही पाटी मी आयुष्यभर पाहत आलो आहे. तुम्हीही पाहिली असेल. पण त्या दिवशी ती मी प्रथमच वाचली. फ्रेंच माणसाचा पेला त्याच्या बायकोच्या ताटाशेजारी असतो. पावऱ्याचा द्रोण त्याच्या म्हातारीच्या देखत भरतो. आपल्याकडे मात्र दारूची खोली वेगळी आणि कुटुंबाची खोली वेगळी. आपण ते रंगवून, दिवे लावून सांगतो. काळ्या काचा, जाड पडदे, आत अंधार. परमिट रूम ह्या नावातच १९४९ च्या दारूबंदी कायद्याची सावली आहे. कागदोपत्री पिणाऱ्याला आजही परवाना लागतो, आणि कायद्याने जणू एका डोळ्याने पाहावे व दुसरा मिटावा अशी ती खोली असते. आपल्या गावात दारू म्हणजे आधी उठून जाणे आणि मग पिणे.

म्हणजे पुतण्याने उत्तरेच्या कोपऱ्यात ती खोली बांधली की काय होईल, हे मला स्पष्ट दिसू लागले. दंगा होणार नाही. तो व्यवस्थित मुलगा आहे, दंगा होऊ देणार नाही. फक्त प्रत्येक कुटुंबातला एक माणूस चक्रीपासून उठेल, म्हणेल, "तुम्ही बसा, मी आलोच."

एकादशीला मी अमळनेरच्या यात्रेला गेलो. संत सखाराम महाराजांची ही वैशाखातली यात्रा बोरी नदीच्या वाळवंटात भरते. एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी. खानदेशातल्या पोरांचे डिस्नेलँड ते. मी लहान असताना आम्ही दर वर्षी धरणगावहून आगगाडीने जात असू. माझे वडील जिनात कपाशीच्या बोजांवर राबत, आणि बाजाराच्या दिवशी पीत. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे. पण यात्रेच्या दिवशी ते पीत नसत. महाराजांचा दिवस म्हणून असेल, किंवा आईने कधी शपथ घातली असेल. त्या दिवशी त्यांच्या अंगाला साबणाचा नि तंबाखूचा वास येई, बाकी काही नाही. पाळण्यात ते माझ्याशेजारी बसत, आणि पाळणा वर जाऊन थांबला की माझे मनगट धरत. भीत ते होते, मी नव्हे.

महाराष्ट्र राज्य झाले त्या वर्षीचा वैशाख. मी नऊ वर्षांचा होतो. चक्रीजवळ वडिलांना जिनातला कोणी सोबती भेटला. "आत्ते येस," असे अहिराणीत म्हणून ते त्याच्याबरोबर गेले. आत्ता येतो. आई, मी आणि धाकटी बहीण जिलबीच्या दुकानापाशी वाळूत बसलो. मी मधून मधून उठून पाही. आई म्हणे, "बस आठेच, त्या ई राहिनात." ऊन उतरले, गॅसबत्त्या लागल्या, बहीण आईच्या मांडीवर झोपली. जिलबीवाल्याने न मागता आम्हांला एका कागदावर दोन वेढे दिले. ते त्याने का दिले हे मला तेव्हाही समजले आणि त्यामुळे ते गोड लागले नाहीत. वडील आले तेव्हा शेवटची गाडी गेलेली होती. ते भांडले नाहीत, ओरडले नाहीत. वाळूत माझ्याशेजारी बसले आणि माझे मनगट धरू लागले. मी हात काढून घेतला. पुढच्या वर्षी आईने यात्रेचे नाव काढले नाही, आणि आम्हीही काढले नाही.

ह्यात दोन गोष्टी मला जशाच्या तशा सांगितल्या पाहिजेत. एक, त्या वर्षी राज्यात दारूबंदी होती. वडिलांना पेला कायद्याने मिळाला नव्हता, आणि कायदा त्या संध्याकाळी आम्हांला घरी नेऊ शकला नव्हता. म्हणून बंदीच्या नावाने मी टाळ्या वाजवीत नाही. दुसरी, त्या वाळवंटात दारू विकावयाची नाही असे ठरलेले होते म्हणूनच आधीची कितीतरी वर्षे वडील दिवसभर आमचे राहिले होते. शोधणाऱ्याने ती शोधून काढली; पण ती शोधावी लागत होती. पाळण्याशेजारी दिवे लावून कोणी तिला उभी केली नव्हती. कुंपणाआडच्या बाटल्यांबद्दल पुतण्याला एवढेच माझे उत्तर आहे, आणि ते पुरेसे नाही हेही मला माहीत आहे.

आपल्या राज्यात गावातल्या बायकांना दारूच्या दुकानावर मत देता येते. उभी बाटली की आडवी, ह्यावर शिक्का मारावयाचा असतो. पुष्कळ गावांत त्यांनी ती आडवी केली. उद्यानात मात्र मत द्यावयाचे ते तिकीट काढणाऱ्याने, आणि तिकीट बाप काढतो. ज्याच्यासाठी तिकीट काढलेले असते तो खांद्याएवढाही नसतो.

यात्रेहून आल्यावर मी पुतण्याकडे गेलो, त्याच्या पायथ्याशी बसण्याचे वय नव्हते म्हणून खुर्चीवर बसलो, आणि सही करणार नाही असे सांगितले. आजोबांची गोष्टही सांगितली. त्याने ती पूर्वी ऐकली नव्हती. आमच्या घरात तिच्याबद्दल बोलत नाहीत.

तो बराच वेळ फाईलच्या दोरीशी चाळा करीत राहिला. मग म्हणाला, "ते सगळे खरे, नाना. पण तुमच्या तत्त्वाचे पैसे कोण भरणार? मी, की त्या अकरा बाया?"

ह्या प्रश्नाला माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. निवृत्त मास्तराला तत्त्व स्वस्त पडते. पेन्शन पहिल्या तारखेला येते, पाळणा फिरो वा न फिरो. मी म्हटले की रानाचे माझ्या वाट्याचे भाडे दोन वर्षे घेणार नाही. त्याने मनात हिशेब केला असावा, कारण तो हसला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. "दोन वर्षांनंतर?" एवढेच विचारले. घरी आल्यावर हिनेही तेच विचारले, आणि वर म्हणाली, "भाडे सोडताना मला विचारले असते तर बरे झाले असते." तिचे बरोबर होते. ज्यांना विचारावे असे मी दोन दिवस घोकत होतो, त्यांत ती मला आठवली नव्हती.

पावसाळा गेला. पोळ्याला पुतण्या बैलांना ओवाळायला आला, नमस्कार करून गेला; फाईलचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. ती माझ्या कपाटात आहे, कोऱ्या सहीच्या जागेसह. उद्यान चालू आहे. कसे चालू आहे हे तो सांगत नाही. दोन बाया कमी केल्या असे मला गावातून कळले. त्यांतली एक आमच्याच आळीतली, रस्त्यात भेटली की पूर्वीसारखीच "नाना, बरे आहे ना?" म्हणते, आणि मी "बरे आहे" म्हणतो.

गेल्या रविवारी त्याची मुलगी मला उद्यानात घेऊन गेली. गर्दी बेताची होती. पाळण्याच्या रांगेत एक बाप उभा होता, कडेवर मूल. मोबाइलवर कोणाशी तरी बोलत होता आणि मूल त्याचा कान ओढीत होते. आमची पाळी आली. पाळणा वर जाऊन थांबला, तिथून उत्तरेचा कोपरा दिसतो. तिथे पायाची आखणी केलेली चुन्याची रेघ पावसाने पुसट झालेली होती. शेजारी नातीने माझा हात धरला आणि विचारले, "आजोबा, तुम्हांला भीती वाटते का?"

"थोडी," मी म्हटले.